धापणाऱ्या गाईला बायपास फॅट द्यावं का?

गोठ्यातले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि पशुवैद्यकाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्याकडे सात होल्स्टिन संकरित गाई आहेत. त्यातल्या तीन गेल्या दोन महिन्यांत व्यायल्या. मार्चपर्यंत या तिघी 18 लिटरच्या घरात होत्या, एप्रिल लागला तसं दूध 14 वर आलं. फॅट 3.7 वरून 3.2 झालं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 8.2 लागतो आणि डेअरीत भाव कापला जातो. गाई दुपारभर तोंड उघडं टाकून धापतात, कडब्याला तोंड लावत नाहीत, पशुखाद्याची कांडी तेवढी खातात. एका गाईला दिवसाला 18 किलो मुरघास, 3 किलो कडबा कुट्टी, 6 किलो कांडी आणि दीड किलो सरकी पेंड देतो. शेजारचे रोज पाव लिटर गोडेतेल बाटलीने पाजतात, त्यानं गाईला थंडावा मिळतो म्हणतात. खाद्याच्या दुकानदाराने बायपास फॅटची पिशवी पुढे केली आणि गाईला 300 ग्रॅम घाला म्हणाला. काय करू?
— एक वाचक, ता. सांगोला, जि. सोलापूर

उत्तर : दादा, सगळ्यात आधी तेलाची बाटली. तुम्ही ती हातात घेऊ नका आणि शेजाऱ्यांनाही आजच सांगा. धापणाऱ्या गाईचा श्वास एका मिनिटात सत्तर-ऐंशी वेळा आत-बाहेर होत असतो. तिची मान वर करून घशात तेल ओतलं की त्यातलं थोडं अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. पाणी गेलं तर ठसक्याने काही अंशी बाहेर तरी येतं, तेल फुप्फुसात चिकटून बसतं. मग ताप, नाकातून घाण वास, न्यूमोनिया. अशा गाई मी सलाईन लावून, इंजेक्शनं देऊन वाचवायचा प्रयत्न केला आहे आणि त्यातल्या काही हाताखाली गेल्या आहेत. धडधाकट, दुभती गाय मालकाच्या मायेपोटी जाते, हे बघणं फार जड असतं. म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

तेल खाद्यात मिसळून दिलं तर? ठसका टळेल, पण दुसरा त्रास उरतो. गाईच्या कोठीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात, कडब्याचा चोथा पचवणारे जिवाणू असतात. सरकी, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या मोकळ्या तेलातली असंतृप्त चरबी या जिवाणूंना मारक ठरते, शिवाय चाऱ्याच्या तंतूंवर तेलाचा थर बसतो. चोथा पचला नाही की त्यापासून बनणारं ॲसिटिक आम्ल कमी होतं, आणि दुधातल्या फॅटचा मोठा भाग त्यावरच उभा असतो. त्यातच हे तेल पोटात अर्धवट बदलून काही अशी चरबी तयार होते, जी थेट कासेत, म्हणजे दूध बनवणाऱ्या ग्रंथीत, फॅट तयार होणं दाबते. थोडक्यात, तेल पाजून डेअरीत फॅट उलट घसरू शकतं. थंडावा तर मिळतच नाही. तेल किंवा तूप कोणत्याही वाटेने गाईच्या अंगातली उष्णता बाहेर काढत नाही.

आता बायपास फॅट. हे तेल पोटातल्या जिवाणूंच्या हाती लागू नये म्हणून बांधून ठेवलेलं असतं. एक प्रकार म्हणजे पाम तेलातल्या आम्लांचे कॅल्शियम क्षार. हा प्रकार 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात डोनाल्ड पामक्विस्ट आणि थॉमस जेंकिन्स यांच्या कामातून पुढे आला. त्यात साधारण 84 टक्के चरबी आणि 7 ते 9 टक्के कॅल्शियम असतं. कोठीपोटातून तो जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो, चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात सुटतो आणि आतड्यात शोषला जातो. दुसरा प्रकार म्हणजे घट्ट केलेली संतृप्त चरबी. ती पांढऱ्या मण्यांच्या रूपात येते, तिच्यात 99 टक्क्यांपर्यंत चरबी असते आणि ती गाईच्या पोटातल्या उष्णतेला वितळत नाही.

उन्हाळ्यात याचा विचार का करायचा, त्याचं कारण पोटातच आहे. चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते आणि चारा जितका जाड, जितका जरड, तितकी त्याच्या पचनाची उष्णता जास्त. गाय कडबा नाकारते ती यामुळेच. ती आतली भट्टी स्वतःच कमी करत असते. चरबी कोठीपोटात आंबत नाही, त्यामुळे तिच्या पचनाची उष्णता कमी, आणि वजनाला वजन धरलं तर पिष्टापेक्षा सव्वादोन पट ऊर्जा. खाणं घटलेलं असताना कमी घासात जास्त ऊर्जा बसते, हा बायपास फॅटचा खरा उपयोग. त्यात धापण्याचाही खर्च असतो. नुसत्या जलद, उथळ धापण्याने गाईचा अंगभूत ऊर्जेचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो आणि तोंड उघडं टाकून जोरात धापत असेल तर 25 टक्क्यांपर्यंत.

पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. उन्हात दूध घटतं, त्यातली साधारण निम्मीच घट कमी खाण्यामुळे असते. उरलेली घट शरीरातल्या बदलांमुळे होते. एरवी ताजी व्यायलेली गाय पोटाला कमी पडलं तर अंगावरची चरबी वितळवून दूध देते. उष्णतेच्या ताणात मात्र तिच्या रक्तात इन्सुलिन चढं राहतं आणि ती अंगावरची चरबी पुरेशी मोडत नाही, दुधासाठी लागणारी साखर शरीराकडे वळते. ही निम्मी घट कोणत्याही पिशवीने भरून निघत नाही. ती फक्त गाय गार झाल्यावर भरून निघते. बायपास फॅटचे उन्हाळ्यातले प्रयोग बघितले तर काही ठिकाणी दूध वाढलेलं दिसतं, काही ठिकाणी फरकच नाही. माझ्या फिरतीवर मी जे बघते ते याला धरूनच आहे. ज्या गोठ्यात पाणी आणि वारा आहे तिथे पिशवीचा पैसा निघतो, पत्र्याखाली भाजणाऱ्या गोठ्यात निघत नाही.

म्हणून तुमचा खुराक कागदावर मांडू. मुरघासात कोरडा भाग साधारण 30 टक्के, म्हणजे 18 किलोत 5.4 किलो. कडब्याचे 2.7, कांडीचे 5.4, सरकी पेंडीचे 1.35. सगळं मिळून 15 किलोच्या जवळ. या सगळ्यात मिळून चरबी येते साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 3 टक्के. एकूण खुराकात चरबी 6 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, हा नियम. म्हणजे कागदावर दुकानदाराचे 300 ग्रॅमही बसतात. तरी मी तेवढं घालू देणार नाही. कॅल्शियम क्षाराला साबणासारखा वास आणि चव असते. आधीच खाणं टाकलेल्या गाईपुढे ते एकदम 300 ग्रॅम आलं तर ती कांडीही सोडेल, आणि मग मिळवलं त्यापेक्षा गमावलं जास्त.

माझा हिशोब प्रति लिटर 10 ग्रॅमचा. तुमच्या तिघींना दिवसाला 150 ग्रॅम. त्यातून मिळणारी ऊर्जा साधारण एका लिटर दुधाएवढी. पिशवीचा भाव 170 रुपये किलो धरला तर रोजचे साडेपंचवीस रुपये. तुम्हाला लिटरला 33 रुपये मिळत असतील तर पूर्ण एक लिटर वाढलं तरच सात-साडेसात रुपये हातात. फॅट थोडं वर आलं आणि गाय वेळेवर माजावर आली तर फायदा वाढतो, पण मुळात गणित इतकं अरुंद आहे. एवढीच ऊर्जा पावणेचारशे ग्रॅम मक्याच्या भरड्यातून निम्म्याहून कमी पैशात मिळते, म्हणून डिसेंबरात मला विचारलं असतंत तर मी मका सांगितला असता. उन्हाळ्यात तुमच्या गाईचं पोट आधीच आंबट झालेलं आहे, त्यात आणखी भरडा नको, म्हणून चरबीचा विचार.

पोट आंबट झालंय हे मी तुमच्याच पत्रावरून सांगते. कडबा राहतो, कांडी संपते, फॅट 3.7 वरून 3.2. गाय धापते तेव्हा श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त जातो, रक्त सावरण्यासाठी मूत्रपिंडं सोड्याचा अंश लघवीतून बाहेर टाकतात. लाळेतून पोटात जाणारा सोडा कमी पडतो आणि जी लाळ उरते ती जमिनीवर गळते. रवंथ कमी झाल्यामुळे लाळ मुळातच कमी तयार होते. अशा पोटात कांडीवर कांडी गेली की आम्लता वाढणारच. आणि कॅल्शियम क्षाराचा बायपास फॅट आंबट कोठीपोटातच सुटायला लागतो. मग ते मोकळं तेल झालं, वर सांगितलेला सगळा त्रास सुरू. म्हणजे 170 रुपये किलोची पिशवी घालून गोडेतेलाचाच परिणाम पदरात.

म्हणून कांडी वेगळी टाकणं थांबवा. कुट्टी, मुरघास, कांडी, पेंड एकत्र कालवा, वर थोडं पाणी शिंपडा, म्हणजे गाईला निवडून खाता येणार नाही. कुट्टी बोटाच्या पेराएवढी ठेवा, भुसा करू नका. रोज 100 ते 150 ग्रॅम खायचा सोडा आणि 50 ग्रॅम मीठ खाद्यात घाला. खुराकाचा दोन तृतीयांश वाटा संध्याकाळी ऊन उतरल्यापासून पहाटे पाचपर्यंत गव्हाणीत पडू दे. दुपारी अकराला घातलेला चारा दोन-तीनच्या सुमाराला पोटात पेटतो, नेमका तेव्हाच बाहेर 41 अंश असतात. आठवडाभरात शेण घट्ट झालं, गाई बसून रवंथ करायला लागल्या की फॅट काही अंशी आपोआप सावरेल. त्यानंतर पिशवी उघडा.

पहिले दोन-तीन दिवस 50 ग्रॅम, मग 100, आठ-दहा दिवसांनी 150. दोन वेळच्या खाद्यात विभागून, लागलंच तर गुळाच्या पाण्याचा हात लावून. पाण्यात कालवून पाजायचं नाही. तीन आठवडे दुधाची रोजची नोंद ठेवा. एवढ्या काळात दूध, फॅट किंवा गाईची अंगलट यातलं काहीच बदललं नाही तर बंद करा, उगाच पुढे ओढू नका. उरलेल्या चौघींना अजिबात नको. आठ-दहा लिटरच्या, चार-पाच महिन्यांच्या गाभण गाईला चरबी दिली तर ती अंगावर जाते आणि पुढच्या वेताला त्रास देते.

एसएनएफबद्दल मात्र आशा ठेवू नका, दादा. बायपास फॅटने एसएनएफ वाढत नाही, उलट दुधातलं प्रथिन किंचित उतरू शकतं. जिवाणूंना चरबीतून काही मिळत नाही, आणि गाईला मिळणारं बरंचसं प्रथिन या जिवाणूंच्याच शरीरातून येतं. एसएनएफ वर येतो तो गाय पोटभर खायला लागल्यावर, चांगल्या पेंडीने आणि थंडाव्याने. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर भाव ठरतो, तेव्हा एक बाजू पिशवीने उचलून दुसरी सुटली तर हातात काय राहतं? हे गणित डेअरीच्या पावतीवर स्वतः मांडून बघा.

तुमच्याकडे उन्हाळ्यात वाढेही येतात हे मला ठाऊक आहे. उसाच्या वाढ्यांमध्ये ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. न शोषलेली चरबीही आतड्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून बसते. त्यामुळे बायपास फॅट सुरू असेपर्यंत रोज 100 ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण चुकवू नका. पिशवीवर कॅल्शियम लिहिलेलं आहे म्हणून खनिज मिश्रण बंद करणारे गोठे मी बघितले आहेत. 150 ग्रॅममधून जेमतेम 12 ग्रॅम कॅल्शियम मिळतं, ते पुरत नाही.

पाण्याचं शेवटी लिहिते आहे, पण करायचं सगळ्यात आधी. अशा गाईला या दिवसांत शंभर लिटरच्या पुढे पाणी लागतं. टँकरच्या गावात हे सांगताना मला कळतं की मी काय मागते आहे. तरी कापायचंच असेल तर दुसरं काही कापा, हे नको. हौद सावलीत घ्या, उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं तापलेलं पाणी सोडून द्या. दुपारी तीन वाजता गाईच्या भकाळीची, म्हणजे फासळ्यांमागच्या खळग्याची, हालचाल घड्याळ लावून एक मिनिट मोजा. 60 च्या वर म्हणजे ताण, 80 च्या वर म्हणजे गंभीर. हा आकडा खाली आणणं हे तुमचं पहिलं काम. पाठ एक-दोन मिनिटं पूर्ण भिजवा, मग पंखा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. वारा नसताना नुसतं पाणी मारू नका.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरचीच कापसाची सरकी आहे. दोन जर्सी संकरित गाई, दोन्ही 12 लिटरच्या. पिशवीतलं बायपास फॅट परवडत नाही. सरकी शिजवून दिली तर चालेल का? किती द्यावी?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चालेल, आणि तुमच्या जागी मीही सरकीच दिली असती. अख्ख्या सरकीत 18 ते 20 टक्के चरबी, वीसच्या वर प्रथिन आणि वरच्या टरफलाचा, रुईचा चोथाही असतो. तेल बियाच्या आत बंद असल्यामुळे ते हळूहळू, गाय रवंथ करेल तसं सुटतं. दाणा अख्खा ठेवला तर ही नैसर्गिक बांधणी टिकते. भरडली की तेल एकदम मोकळं होतं, म्हणून भरडू नका.

दिवसाला एक ते दीड किलो पुरे, दोन वेळा विभागून. दोन किलोच्या वर जायचं नाही. दीड किलोत पावशेरापेक्षा थोडी जास्त चरबी जाते. तुमच्या 12 लिटरच्या गाईंना तेवढी भरपूर झाली, त्यावर वेगळं बायपास फॅट नको. सरकी पेंड आणि सरकी यांत गल्लत करू नका. घाण्याच्या पेंडीतही तेल काढून झाल्यावर सहा-आठ टक्केच चरबी उरते आणि कारखान्यात द्रावणाने तेल काढलेल्या पेंडीत जवळजवळ काहीच नाही.

शिजवायला हरकत नाही, पण गरज नाही. भिजत घालत असाल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात भिजलेली सरकी काही तासांत आंबते. लागेल तेवढीच भिजवा आणि त्याच वेळी संपवा. ओल लागून काळी पडलेली, बुरशीचा वास येणारी सरकी गाईपुढे टाकूच नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध तुमच्या घरची लेकरं पितात. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याला मोठ्या गाईचं कोठीपोट बऱ्यापैकी निष्प्रभ करतं, वासरांचं पोट ते करू शकत नाही. रवंथ नीट सुरू न झालेल्या वासरांना सरकी नाही म्हणजे नाही.

प्रश्न : आमच्याकडे पारा 33 च्या वर क्वचितच जातो. सोलापूर-नगरसारखं 42 अंश नाही. तरी गाय धापते आणि दूध कमी देते. फॉगर बसवले, उपयोग झाला नाही. बायपास फॅट द्यावं का?
— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : गाईला उष्णता आणि दमटपणा मिळून लागतात. त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक काढतात. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या दुपारी तो 84 च्या आसपास येतो. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेलाही तो 84 च येतो. जास्त दूध देणाऱ्या गाईला ताण 68 ला सुरू होतो. म्हणजे मंगळवेढ्याची भाजणारी दुपार आणि तुमची घामाघूम दुपार गाईच्या दृष्टीने सारखीच. किंबहुना तुमच्याकडे त्रास लांबतो, कारण रात्रही गार होत नाही आणि गाईला दिवसाची उष्णता टाकायला वेळच मिळत नाही.

फॉगरचं बारीक धुकं हवेत विरून हवा गार करतं, पण हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ते विरतच नाही. गोठा आणखी दमट होतो. फॉगर बंद करा आणि मोठ्या थेंबांचा फवारा पाठीवर कातडीपर्यंत भिजेल असा सोडा, लगेच मोठा पंखा. तुमच्याकडे पाणी आहे, त्याचा फायदा घ्या. गोठ्याच्या भिंती बंद असतील तर दोन बाजू उघडा. बायपास फॅटचं वरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे. ताजी व्यायलेली, 12 लिटरच्या वरची गाय असेल तर लिटरला 10 ग्रॅम. भातकोंडा देत असाल तर तेवढं लक्षात घ्या. तेल न काढलेल्या कोंड्यातही चांगलीच चरबी असते आणि ती मोकळी असते. कोंडा दोन-तीन किलो जात असेल तर आधी तो कमी करा.

प्रश्न : गाय मे अखेरीस व्यायची आहे. आटवली आहे. आतापासूनच बायपास फॅट सुरू केलं तर व्यायल्यावर दूध वाढेल का?
— एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : व्यायच्या आधी पंधरा दिवस थोडं द्यावं, असंही सांगितलं जातं. मी उन्हाळ्यात देत नाही. शेवटच्या दिवसांत गाय मुळातच कमी खाते, त्या घासांत साबणाची चव नको, आणि दुग्धज्वराची (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरण्याची) भीती असलेल्या गाईला या काळात जादा कॅल्शियमही नको. व्यायल्यावर आठ-दहा दिवसांनी, ती नीट खायला लागली की सुरू करा.

त्याऐवजी तिला आता थंड ठेवा. आटवलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला पंख्याखालून काढून बाहेर झाडाखाली बांधतात, हे मला प्रत्येक उन्हाळ्यात दिसतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल यांच्या गटाने हे वर्षानुवर्षं तपासलं आहे. आटवलेल्या काळात फवारा-पंख्याखाली ठेवलेल्या गाई व्यायल्यावर, तापत राहिलेल्या गाईंपेक्षा दिवसाला सरासरी चार-पाच लिटर जास्त दूध देतात. त्यांची कालवडही जन्मतः वजनाने चांगली असते. त्या गाई आपल्यापेक्षा जास्त दुधाच्या, त्यामुळे लिटरचा आकडा इथे तसाच येईल असं नाही, पण याच दोन महिन्यांत कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी नव्याने तयार होतात, आणि हे आपल्या गाईलाही लागू आहे.

प्रश्न : बाजारात बऱ्याच कंपन्यांचं बायपास फॅट येतं. खरं-खोटं कसं ओळखावं?
— एक वाचक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर

उत्तर : पिशवीवर चरबीची टक्केवारी, कॅल्शियमची टक्केवारी आणि तयार केल्याची तारीख बघा. 84 टक्के चरबी आणि 7 ते 9 टक्के कॅल्शियम असेल तर तो कॅल्शियम क्षार. 99 टक्के चरबी आणि कॅल्शियम नसेल तर संतृप्त चरबीचे मणी. हे मणी साबुदाण्याहून बारीक, पांढरे आणि जवळजवळ बिनवासाचे असतात, गाई ते सहज खातात. ज्या गाईचं पोट आंबट राहतं तिला मी हेच सांगते, कारण ते आम्लात सुटत नाहीत. त्यात पामिटिक आम्ल जास्त असेल तर दुधातलं फॅट जास्त उठतं. टक्केवारी न छापलेली पिशवी घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

कॅल्शियम क्षार घरी तपासता येतो. काचेच्या ग्लासात कडक गरम पाणी घ्या, त्यात चमचाभर माल टाकून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चांगला क्षार वितळत नाही. वर तेलाचा जाड तवंग आला तर त्यात मोकळं तेल बरंच आहे, माल परत करा. मण्यांना ही परीक्षा लावू नका, ते कडक पाण्यात वितळणारच. खवट वास येत असेल तर कोणताही प्रकार नको. आणि आणलेली पिशवी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. घरात, सावलीत, तोंड बांधून ठेवा आणि एका महिन्यात संपेल एवढीच आणा.